ढिगाऱ्यातून उचललेले दार

शास्त्रपाठ : नहेम्या ४:१-६, यिर्मया ३८:७-१३, गलतीकरांस ६:१-२





काही वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी बेळगावच्या एका जुन्या वस्तीत लहानसे कौलारू घर विकत घेतले. शास्त्राच्या भाषांतरात आयुष्य घालवलेल्या मनुष्याच्या ऐपतीत जेवढे बसते तेवढेच ते होते. पहिल्याच पावसाळ्यात घराने आपली खरी ओळख करून दिली. माजघरात तीन ठिकाणी गळू लागले, मागचे दार चौकटीतून निखळले, आणि न्हाणीघराच्या भिंतीला हात लावताच गिलाव्याचे पोपडे खाली येऊ लागले. आळसामुळे छप्पर खचते आणि हात स्वस्थ राहिले की घर गळते, असे उपदेशकाने सांगितले आहे (उपदेशक १०:१८). त्या वचनाचे शब्द मी मेजाशी बसून अनेकदा तोलले होते. त्याचा अर्थ मात्र त्या पावसाळ्यात, जागोजागी पातेली मांडता मांडता कळला.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतील एक जुने घर पाडण्यात येऊ लागले. मालकांना तेथे सिमेंटची इमारत उभी करायची होती. रस्त्याच्या कडेला ढीग पडला होता : चौकटीसह एक सागवानी दार, मंगलोरी कौले, काळ्या दगडाच्या दोन पायऱ्या, मातीत मिसळलेल्या विटा. मी बिचकतच विचारले. मालक म्हणाले, “न्या हो, काय हवं ते न्या. नाहीतर ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊन हे मलाच कुठेतरी टाकून यावं लागणार.” त्या संध्याकाळी हातगाडीच्या चार खेपांत दार, पायऱ्या आणि सुमारे तीनशे कौले आमच्या अंगणात आली, तीही फुकट.

ह्या ‘फुकट’ शब्दाकडे, वाचकहो, क्षणभर लक्ष द्यावे. आपल्या मराठीत तो दोन अर्थांनी येतो. जे मोल न देता मिळते तेही फुकट, आणि जे वाया जाते तेही फुकटच. देवाची कृपा आपल्याला पहिल्या अर्थाने फुकट मिळाली आहे. ती दुसऱ्या अर्थाने फुकट जाऊ नये, अशी प्रेषित पौलाची कळकळीची विनवणी आहे (२ करिंथ ६:१). आजच्या मननाचा सारा आशय ह्या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये सामावलेला आहे.

ढिगाऱ्यातील धोंडे

नहेम्या यरुशलेमेस आला तेव्हा बाबेलच्या सैन्याने ते नगर जाळल्याला सुमारे एकशे चाळीस वर्षे लोटली होती. तट पडलेला, वेशी जळालेल्या, आणि चोहीकडे मातीदगडांचे ढीग. लोक कामाला लागले तेव्हा सनबल्लटाने उपहास केला. हे दुबळे यहूदी ढिगाऱ्यातले जळके धोंडे जिवंत करणार काय, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. मूळ हिब्रूत तेथे खरोखरच ‘जिवंत करणे’ हे क्रियापद आहे. उपहास करणाऱ्याच्या तोंडून नकळत केवढा मोठा शब्द निघून गेला पाहा!

सनबल्लटाची शंका अगदीच निराधार नव्हती. यरुशलेमेच्या परिसरातील दगड चुनखडीचा आहे. तो फार भाजला तर ठिसूळ होतो, त्याचा चुना होतो. शिवाय, ओझी वाहणाऱ्यांची शक्ती खचली आहे आणि माती-कचरा फारच आहे, अशी तक्रार स्वतः यहूदी लोकांनीही केली (नहेम्या ४:१०). तरीही तट उभा राहिला, आणि तो बावन्न दिवसांत पुरा झाला (६:१५). तिसऱ्या अध्यायात नावांची लांबलचक यादी आहे. ती वाचताना आपण कंटाळतो. परंतु तिच्यात एक क्रियापद तिसांहून अधिक वेळा येते. आपण मराठीत त्यासाठी ‘डागडुजी करणे’ म्हणतो. हिब्रूतील मूळ धातूचा अर्थ आहे ‘बळकट असणे’. डागडुजी करणे म्हणजे दुबळ्या झालेल्या वस्तूला पुन्हा बळ देणे. हे काम करणाऱ्यांत सोनार होते, सुगंधी द्रव्ये करणारे होते, एका अधिकाऱ्याच्या मुलीही होत्या. कित्येकांनी तर केवळ आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. देवाने त्या साध्या कामाचीही नोंद आपल्या ग्रंथात ठेवली.

त्याच यादीत उकिरड्याच्या वेशीचा उल्लेख आहे. नगरातील केरकचरा ज्या बाजूने बाहेर जाई ती ही वेस. एका प्रांताच्या अधिकाऱ्याने ती बांधून काढली (३:१४). ह्या वेशीच्या हिब्रू नावातील ‘अश्पोत’ हा शब्द आणखी कोठे आढळतो? ११३ व्या स्तोत्रात, आणि त्याआधी हन्नेच्या गीतात (१ शमुवेल २:८). परमेश्वर दरिद्र्याला जेथून उचलतो आणि अधिपतींच्या पंक्तीला बसवतो ती जागा हीच : उकिरडा. मनुष्य ज्या वेशीतून टाकून देतो त्याच वेशीशी देव उचलून घेण्यासाठी उभा असतो.

उचलण्यापूर्वीची पारख

टाकलेली वस्तू घरी आणण्याचेही काही नियम आहेत, आणि ते मला ठेचा खाऊन शिकावे लागले.

पहिला नियम असा, की टाकलेले आणि हरवलेले ह्यांत भेद करावा. आपल्या बांधवाचे हरवलेले जनावर किंवा वस्त्र आढळले तर ते न पाहिल्यासारखे करू नये, परत करावे, अशी आज्ञा आहे (अनुवाद २२:१-३). रस्त्याकडेला पडलेली प्रत्येक वस्तू बेवारस नसते. म्हणून मालकाला विचारल्यावाचून विटेचा तुकडाही उचलू नये.

दुसरा नियम पारखण्याचा. कौल हाती धरून बोटाने वाजवावे. चांगले कौल खणखणते, तडकलेले बद्द वाजते. लाकडावर टिचकी मारावी, टोकदार हत्याराने खालचा भाग दाबून पाहावा. आत पोकळ लागले तर वाळवी आहे असे समजावे, आणि अशी चौकट घरात आणू नये, कारण ती घरातल्या चांगल्या चौकटींनाही घेऊन जाईल. फुटके ॲस्बेस्टॉसचे पत्रे तर फुकट मिळाले तरी नकोत; त्यांची तुसे श्वासावाटे फुप्फुसात जातात. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. त्याआधीच्या दारांविषयी खात्री देता येत नाही. म्हणून असा रंग कोरडा घासू नये. तो ओला करून, तोंडाला मुखपट्टी बांधून आणि मुलांना दूर ठेवून काढावा.

तिसरा नियम, की झाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर मी पहिल्या वर्षी केवळ रंग दिला होता. दिवाळीपर्यंत तो फुगून आला. कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्या संदेष्ट्यांविषयी यहेज्केलाने जे सुनावले आहे (१३:१०-१५), ते मला तेव्हा आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटले.

आणि येथेच लेवीय १४ वा अध्याय मला नव्याने उमगला. घराच्या भिंतीवर चट्टा आढळला तर काय करावे, ह्याविषयीचे नियम तेथे आहेत. याजकाने घर सात दिवस बंद ठेवावे, पुन्हा पाहावे, चट्टा पसरला असेल तर तेवढेच दगड काढावे, आतून भिंत खरवडावी, नवे दगड बसवावे, नवा गिलावा करावा. इतके करूनही चट्टा पुन्हा उठला तरच घर पाडावे. आधी दुरुस्ती, पाडणे अगदी शेवटी, असा तो क्रम आहे. निर्जीव भिंतींविषयी देवाने एवढा धीर धरावयास सांगितले. जिवंत माणसांविषयी आपण मात्र पुष्कळदा उलट्या क्रमाने चालतो.

कौलांवरचा ठसा

अंगणात आणलेली कौले मी एकेक करून घासत होतो. एका कौलाच्या पाठीवरची माती निघाली तेव्हा त्यावर बासेल मिशनचा ठसा दिसला. वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल, की बासेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट हे त्याचे प्रवर्तक. सुवार्तेसाठी आलेल्या लोकांनी माती भाजण्याच्या उद्योगात का पडावे? कारण ख्रिस्ताला स्वीकारल्यामुळे ज्यांचा परंपरागत धंदा गेला, घर गेले, नातलगांचा आसरा गेला, अशा माणसांच्या हातांना काम हवे होते. समाजाने ज्यांना घराबाहेर काढले त्यांच्या हातांनी अनेकांच्या घरांवरचे छप्पर तयार झाले. त्या हातांतले एक कौल आज माझ्या माजघरावर आहे आणि ते अजून गळत नाही.

असेच आणखी एक उदाहरण आमच्या भाषांतरकारांच्या परंपरेत आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या. अनेकींना घराने आणि गावाने सोडून दिले होते. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर पुढे केडगावच्याच मुक्तीच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या, पण त्यापूर्वी त्यांनी आपले भाषांतर पूर्ण केले होते. ज्यांना कोणी एक शब्द शिकवण्याच्या योग्यतेचे मानले नव्हते, त्यांच्या बोटांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळवले!

ज्याला मी टाकले होते

आता जे लिहितो ते लिहिणे मला सोपे नाही.

दार आणले खरे, पण ते बसवणार कोण? दोन सुतारांनी पाहून नकार दिला. जुन्या लाकडाशी झटापट करण्यापेक्षा नवे फ्लश डोअर घ्या, असा त्यांचा सल्ला होता. तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, त्यांनाच का नाही बोलवत? जुनं लाकूड त्यांच्याइतकं कोणाला कळतं?”

‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे मला सांगावे लागले नाही. आमच्या मंडळीतील एक सुतार. सहा वर्षांपूर्वी मंदिरातील बाकांसाठी त्याला आगाऊ रक्कम दिली होती; ती त्याने दारूत घालवली. मंडळीच्या समितीने त्याला प्रभुभोजनापासून दूर केले आणि त्याचे नाव नोंदवहीतून कमी केले. त्या ठरावाचा मसुदा मी लिहिला होता. त्याची भाषा निर्दोष होती, शास्त्रवचनांचे दाखले अचूक होते. त्यानंतर सहा वर्षांत मी त्याच्या घराची पायरी एकदाही चढलो नव्हतो.

तो आला. आत या म्हणेपर्यंत अंगणातच उभा राहिला. मग दाराशी उकिडवा बसला, त्यावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत बोटाने वाजवत आला आणि तळाशी पटाशी टोचून म्हणाला, “खालचं चार बोटं कुजलंय, तेवढं कापून नवा तुकडा सांधू. वरचं खणखणीत आहे. लाकूड वाईट नाही, सर. पावसात उभं राहिलं, एवढंच.”

मी पैशांचे पाकीट काढले. तो घाईघाईने म्हणाला, “आगाऊ देऊ नका, सर. काम झाल्यावर द्या.”

तो स्वतःविषयी काही सुचवत होता असे मला वाटत नाही. तो दाराविषयी आणि मजुरीविषयीच बोलत होता. पण मला त्या रात्री झोप आली नाही. दिवा लावून मी गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडला. एखादा मनुष्य अपराधात सापडला तर जे आध्यात्मिक आहेत त्यांनी सौम्यतेने त्याला पूर्वस्थितीवर आणावे, असा तेथील आशय आहे. ‘ताळ्यावर आणणे’ हा शब्दप्रयोग ह्या संदर्भात आपल्या कानांना परिचित आहे, पण त्यात दटावणीचा सूर मिसळतो. ग्रीक शब्द आहे ‘कतार्तिझो’. हाच शब्द मार्क १:१९ मध्ये येतो, जेथे याकोब आणि योहान मचव्यात बसून आपली जाळी नीट करत आहेत. कोळी फाटलेले जाळे समुद्रात फेकून देत नाही. तो ते मांडीवर घेतो, फाटले कोठे ते बोटांनी चाचपतो आणि उद्याच्या मासेमारीसाठी गाठीमागून गाठ मारत बसतो. ग्रीक वैद्यकात ह्याच शब्दकुळातील शब्द निखळलेले हाड बसवण्यासाठी वापरत. हे सर्व मला पंचवीस वर्षांपासून ठाऊक होते. ह्या शब्दावर मी टिपण लिहिले होते. आणि ज्याचे जाळे फाटले होते त्याच्यासाठी मी काय लिहिले होते? ठराव.

पाप त्याचे होते; ते मी नाकारत नाही. शिस्त मंडळीला आवश्यक आहे, हेही खरे. परंतु शिस्त लावल्यानंतर त्याला परत आणण्याचे जे काम होते ते आम्ही कोणीही केले नाही. दारासाठी मी चार खेपा घातल्या होत्या. माणसासाठी एकही नाही.

यिर्मया संदेष्टा चिखलाच्या विहिरीत रुतला असता त्याला बाहेर काढणारा एबद-मलेख हा परदेशी, कूशी, राजवाड्यातला एक नोकर होता. त्याने दोर तर घेतलेच. परंतु आधी तो खजिन्याखालच्या खोलीत गेला आणि तेथून फाटके कपडे व जुन्या चिंध्या घेऊन आला. त्या दोरांनी खाली सोडून त्याने सांगितले, की ह्या काखेत घे, मग दोर लाव. नुसत्या दोरांनीही यिर्मया वर आला असता, पण त्याची काख सोलून निघाली असती. टाकून दिलेल्या चिंध्यांनी, टाकून दिलेला संदेष्टा, जखम न होता वर आला. माझ्या ठरावात दोरही नव्हता, चिंध्याही नव्हत्या.

दार बसवून झाल्यावर मी त्याला हे सर्व बोललो आणि त्याची क्षमा मागितली. तो बराच वेळ हत्यारे पुसत राहिला. मग म्हणाला, “बाकांचं लाकूड मंडळीनं द्यावं, सर. मजुरी मी घेणार नाही. तेवढं फिटलं तर बरं वाटेल.” समितीची संमती मिळायला वर्ष गेले. त्याने आठ बाक केले. मध्ये एकदा त्याचा पाय पुन्हा घसरला. ह्या वेळी आम्ही ठराव लिहिला नाही, आमच्यापैकी दोघे त्याच्या घरी जाऊन बसलो. आज तो उपासनेला शेवटच्या बाकावर बसतो. सर्व काही सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. आमचे दारही दर पावसाळ्यात थोडे फुगते आणि ढकलून लावावे लागते. कौले दरवर्षी शाकारावी लागतात. डागडुजी हे एकदाच करून संपणारे काम नव्हे.

तुकडे गोळा करणारा प्रभू

पाच हजारांना तृप्त केल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून (योहान ६:१२). ज्याच्या हातात भाकरी वाढत होत्या त्याला तुकड्यांची काय गरज होती? परंतु ग्रीकमध्ये तेथे जे क्रियापद आहे तेच त्याच अध्यायात पुन्हा येते : पित्याने मला जे दिले त्यातले काहीही मी हरवू नये, ही त्याची इच्छा आहे (६:३९). आणि तेच क्रियापद योहान ३:१६ मध्येही आहे, जेथे विश्वास ठेवणाऱ्याचा नाश होऊ नये असे सांगितले आहे. आपल्या मराठीला तीन ठिकाणी तीन शब्द घ्यावे लागतात. योहानाला एकच पुरतो. भाकरीचा तुकडा वाया जाऊ न देणारा आणि पाप्याचा नाश होऊ न देणारा प्रभू एकच आहे, त्याचे मनही एकच आहे.

आणि हे तो दुरून करत नाही. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला धोंडा तो स्वतःच आहे (१ पेत्र २:७). त्याला वेशीबाहेर नेऊन मारले (इब्री १३:१२). टाकलेल्यांना उचलण्यासाठी तो स्वतः टाकलेला झाला. म्हणून कोणताही ढिगारा त्याला परका नाही. तुमचा नाही, माझा नाही.

वाचकहो, तुमचे घर बेळगावात असो, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत वा दिल्लीत असो, ह्या आठवड्यात दोन कामे करावी. घरातील एक मोडकी वस्तू, जी टाकण्याच्या बेतात होता, ती स्वतः हातात घेऊन दुरुस्त करून पाहावी. हात मळू द्यावेत. आणि ते करत असताना मंडळीच्या नोंदवहीतून, किंवा आपल्या स्वतःच्या मनातून, खोडलेले एखादे नाव आठवावे. मग उठून त्या घराची पायरी चढावी. जाताना दोराबरोबर चिंध्याही न्याव्यात. नहेम्याच्या लोकांप्रमाणे आपल्याच घरासमोरचा भाग प्रथम घ्यावा. जे आपल्याला फुकट मिळाले आहे, ते फुकट जाऊ नये.

प्रार्थना : हे करुणामय पित्या, तू आम्हांला ढिगाऱ्यातून उचललेस, आमचे कुजलेले तेवढेच कापलेस आणि बाकीचे राखलेस. ज्यांना आम्ही टाकले त्यांची नावे आज आमच्या स्मरणात आण. त्यांना शोधण्यास आम्हांला पाय दे, त्यांना सांधण्यास सौम्य हात दे, आणि त्यांच्यासमोर नम्र होण्यास धैर्य दे. नापसंत केलेला परंतु कोनशिला झालेला आमचा प्रभू येशू ख्रिस्त, त्याच्या नावात मागतो. आमेन.